स्क्रूवरचा लाल ठिपका

दुकानातल्या बाईंनी बिल माझ्यापुढे सरकवलं आणि पेनाचं टोपण हातातच ठेवून विचारलं, "वॉरंटी वाढवून घ्यायची ना? एक वर्षाची कंपनीची आहेच. वर आणखी तीन वर्षं मिळतील."

"नको," मी म्हणाले. "माझा भाऊ दुरुस्ती करतो."

हे वाक्य मी आजवर कितीतरी काउंटरांवर म्हटलं आहे. पंखा घेताना, इस्त्री घेताना, आधीचा लॅपटॉप घेताना. म्हणताना मान आपोआप ताठ होते. बाई हसल्या. त्यांना रोज शंभर जण 'नको' म्हणत असतील, पण या कारणानं म्हणणारे थोडेच.

"नशीबवान आहात," त्या म्हणाल्या. "तरी तीस दिवस आहेत हातात. मन बदललं तर फोन करा. तीस म्हणजे तीस हं, एकतिसाव्या दिवशी मी काही करू शकत नाही." आणि अटींचे चार पानी कागद त्यांनी न विचारताच पिशवीत टाकले.

माझं काम ऐकून टाईप करायचं. कुणाच्या बैठका, कुणाच्या मुलाखती, डॉक्टरांची व्याख्यानं. गेली काही वर्षं एक संस्था जुन्या कीर्तनांच्या कॅसेटी लिहून घेते आहे, तेही काम माझ्याकडे येतं. ते काम मी फुकटसुद्धा केलं असतं, पण ही गोष्ट संस्थेच्या कानावर जाऊ नये एवढी काळजी घेते. कानाला हेडफोन, बोटांखाली कीबोर्ड, आणि बुवा एकेक शब्द उकलत चाललेले. देवानं पोटासाठी दिलेलं काम असं असावं, याहून मागायचं काय? पण या कामाचं एक आहे. लॅपटॉप आठ दिवस बंद पडला की काम दुसऱ्याकडे जातं, आणि गेलेलं काम सासरी गेलेल्या लेकीसारखं दोन दिवसांत परत येत नाही.

लेकीवरून आठवलं. माझी लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असते. खरेदीची बातमी कळल्यावर तिनं पहिला प्रश्न तोच विचारला.

"वॉरंटी वाढवलीस ना आई?"

"मामा आहे की."

"मामाला किती वर्षं राबवणार? आणि हे नवे लॅपटॉप काही मामाच्या जमान्यातले नाहीत. आत सगळं चिकटवलेलं असतं."

"तुझ्या मामानं चिकटवलेलं उकलायला आयुष्य घालवलंय."

"बरं बाई. मामापुढे कुणाचं चालतं का तुझ्या घरात?"

नाहीच चालत. आईवडील गेल्यावर माझ्या पाठीशी उभा राहिला तो दादा, आणि नवरा गेल्यावर पुन्हा तोच. तोंडानं धीर देणं त्याला जमत नाही. घरी यायचा, काय बिघडलंय ते बघायचा, दुरुस्त करून जायचा. त्या वर्षी माझ्या घरातला एकही नळ ठिबकत नव्हता.

त्याची कामाची रीत ठरलेली. यंत्र उघडलं की प्रत्येक स्क्रू कागदी टेपवर चिकटवायचा, शेजारी तो कुठला ते लिहायचं. सगळं परत बसवून झालं की वहिनीची लाल नेलपॉलिश घ्यायची आणि कोपऱ्यातल्या एका स्क्रूवर ठिपका द्यायचा. म्हणजे पुढे कुणी उघडलं तर ठिपका मोडतो, कळतं. वहिनी म्हणते, "लग्नाला तीस वर्षं झाली. माझ्या नखांना लागली नसेल एवढी पॉलिश यांच्या स्क्रूंना लागली."

सव्विसाव्या दिवशी मी जुना लॅपटॉप भंगारवाल्याला द्यायला काढला. सात वर्षं चाकरी केली बिचाऱ्यानं. महिन्यापूर्वी पडदा काळा झाला तो झालाच. तेव्हा दादानं तो उघडलाही नव्हता. चालू केला, कान लावला, आणि म्हणाला, "याचं आयुष्य संपलं गं टकटके. नवा घे." टकटक हे माझं नाव त्यानंच ठेवलेलं, मी टायपिंग शिकायला लागले त्या आठवड्यात. मला वाटलं होतं, काय कान आहे माणसाचा.

धूळ पुसायला म्हणून मी लॅपटॉप उलटा केला. फडकं कोपऱ्यावरून फिरलं आणि थांबलं.

ठिपका नव्हता.

मोडलेला नव्हता, खरवडलेला नव्हता. नव्हताच. स्क्रू नवा कोरा, चकचकीत. चार महिन्यांपूर्वी बिजागरी तुटली म्हणून दादाकडे दिला होता. एरवी दोन संध्याकाळी पुरायच्या, त्या वेळी अकरा दिवस लागले. "पार्ट येईना," म्हणाला होता. चष्मा लावून मी खिडकीशी गेले. बॅटरीच्या कडेला नखाएवढं पांढरं लेबल होतं, त्यावर बारीक छापलेली तारीख आणि नंबर. त्याच अकरा दिवसांतली तारीख. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं लेबल.

मी खुर्चीवर बसले.

दादानं माझा लॅपटॉप कंपनीत नेला होता. पैसे स्वतः भरले होते, मला एक अक्षर सांगितलं नव्हतं. मी 'हात काय आहे रे तुझा' म्हणून कौतुक केलं, तेव्हा तो नुसता चहा पीत होता, हे मला आता आठवलं.

आणि तरी ठिपका दिला नाही. ठिपका दिला असता तर मला जन्मात कळलं नसतं. बाटली हाताशीच होती.

लहानपणी आम्ही दोघं देवळाच्या सभामंडपात पहिल्या रांगेत खाली बसून कीर्तन ऐकायचो. मला गोष्ट आवडायची, दादाला बुवांच्या पेटीतले भाते. एकदा कुणीतरी मधेच उठून बुवांना म्हणालं, काय सुंदर रचलंत हो. बुवांनी टाळ थांबवले. शेवटच्या ओळीतलं रचणाऱ्याचं नाव पुन्हा गायलं, हात जोडले, आणि म्हणाले, "बाबांनो, दुसऱ्याच्या अभंगाखाली आपलं नाव घालू नये. गायला मिळालं हेच पुष्कळ." घरी येताना दादानं ते वाक्य दहादा म्हटलं होतं, बुवांच्या आवाजात, नाकातून.

म्हणून ठिपका नव्हता. तोंडानं गप्प राहिला, पण खोटी सही त्याच्यानं झाली नाही.

का नेला असेल कंपनीत, हे बघायला दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेले.

त्याचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर भिंगाचा दिवा, मागे पन्नासेक छोटे खण, प्रत्येकावर चिठ्ठी. मी गेले तेव्हा दादा एका टेबलफॅनचं पातं काढत होता, मोठ्या पान्यानं. टेबलावर दुसरा एक फॅन, एक मिक्सर. लॅपटॉप एकही नाही. दिव्याच्या भिंगावर धूळ बसलेली. कडेला टेपची पट्टी होती, तिच्यावर चिकटवलेले स्क्रू, आणि शेजारची अक्षरं वहिनीची.

"ये टकटके. नवा कसा चाललाय?"

"छान. आवाजच करत नाही. बंद आहे की चालू, कळत नाही."

"तू आहेस ना आवाज करायला." तो हसला. मग पाना खाली ठेवत, फॅनकडे बघत म्हणाला, "वॉरंटी वाढवून घेतलीस का?"

"छे. तू असताना कशाला?"

सवयीनं बोलून गेले. शब्द तोंडातून सुटले आणि मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. एरवी या वाक्यानं तो फुलायचा. त्या दिवशी तो म्हणाला, "हो. तेही खरंच," आणि उजवा हात टेबलाखाली नेला. डाव्या हातानं फडकं उचलून नसलेलं तेल पुसू लागला.

हात लपवला तरी खांदा दिसत होता. खांदा बारीक हलत होता.

वहिनी मला निरोप द्यायला फाटकापर्यंत आली. एरवी दारातूनच 'ये गं' म्हणते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मला नको विचारू. मी शब्द दिलाय."

"मी नाही विचारत. तू फाटकाशी बोल."

वहिनीनं खरंच फाटकाकडे तोंड केलं. "सहा महिने झाले. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, वयाचं आहे, घराण्यात असतं एकेकाच्या. औषधानं थोडं कमी राहील, जाणार नाही. मोठी कामं होतात. बारीक स्क्रू म्हटलं की झालं. मी बसवून देते काही, पण माझे हात भाकरीचे, घड्याळाचे नाहीत. तुझ्या लॅपटॉपच्या वेळी तीन दिवस बसले होते हे. चौथ्या दिवशी पिशवीत घालून गेले, कुठे ते सांगितलंही नाही."

"मला सांगायचं होतं गं."

"तुला सांगायचं म्हणजे आधी स्वतःला सांगायला हवं ना." मग माझ्याकडे वळून, "आणि हे बघ, फाटकानं तुला काही सांगितलेलं नाही."

वाटेत माझा जीव दोन्हीकडे ओढत होता. वॉरंटी घेतली, तर दादाला कळणार की मला कळलं. सख्ख्या बहिणीनंच भरवसा काढून घेतला असं त्याला वाटणार, आणि उरलेले पंखेही तो खाली ठेवणार. नाही घेतली, तर कधीतरी बिघडणारच, आणि मग हा पुन्हा गुपचूप पिशवी घेऊन बाहेर पडणार. पुन्हा मी कौतुक करणार, पुन्हा तो चहा पिणार. मला वाटत आलं होतं, माझा विश्वास म्हणजे त्याच्या गळ्यातला हार. त्या दिवशी कळलं, आपण घातलेला हार दुसऱ्याच्या मानेला किती जड होतो, ते घालणाऱ्याला कळत नाही.

घरी आल्यावर हात जोडले आणि म्हटलं, देवा, तूच काहीतरी सुचव, माझी अक्कल इथपर्यंतच. मग पिशवीतून ते चार कागद काढले. अटी कुणी वाचत नाही म्हणतात. मी वाचते. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द तपासले, एक अनुस्वार सुटलेला चालत नाही मला. पहिल्या पानावर काय काय मिळेल. दुसऱ्यावर काय काय मिळणार नाही, हे पान मोठं. तिसऱ्यावर सांडलेलं पाणी, पडलेला लॅपटॉप, कुरतडणारे उंदीर. चौथ्या पानावर सर्वांत खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, कलम एकोणीस.

ते मी तीनदा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. बुवा एखादा चरण दहा अंगांनी घोळवायचे आणि अकराव्यांदा त्यातून वेगळाच अर्थ बाहेर यायचा, तसं काहीसं झालं. मी कपाटाला टेकून एकटीच हसले.

एकोणतिसाव्या दिवशी नवा लॅपटॉप आणि ते कागद घेऊन पुन्हा दादाकडे. वहिनी आतून डोकावली. "काय गं, इथेच राहायला आलीस का?"

"जेवायला घालणार असशील तर राहते. दादा, एक अडचण आहे."

"बिघडला?" त्याचा चेहरा एकदम उतरला.

"नाही रे. लेक मागे लागलीय वॉरंटी घे म्हणून. रोज फोन. उद्या शेवटचा दिवस. मला काही घ्यायची नाही, पण तिला कारण तरी सांगायला हवं. म्हणून अटी वाचल्या, तर ही अट बघ. मला ती काही बरी वाटत नाही."

"वाच."

मी चष्मा सारखा केला. "वॉरंटीच्या काळात अधिकृत केंद्राखेरीज कोणीही यंत्र उघडल्यास, मग ती व्यक्ती कितीही कुशल असली तरी, वॉरंटी तत्काळ रद्द होईल."

"'कितीही कुशल' असं लिहिलंय?"

"नाही, ते मी घातलं."

दादा हसला नाही. त्यानं हात पुढे केला, कागद घेतला. डाव्या हातानंच घेतला. खिडकीशी धरून वाचला, ओठ हलवत. घरात वहिनीच्या पावलांचा आवाज थांबला होता.

"म्हणजे मी घेतली," मी म्हणाले, "तर चार वर्षं तुला हात लावता यायचा नाही. एक त्यांचं, तीन वरची. तुझी कितीही इच्छा असली तरी. तू उघडलास की माझे पैसे बुडाले."

"चार वर्षं," दादा म्हणाला.

"चार."

"कुणी विचारलं, बहिणीचा का करत नाही, आणि मी म्हटलं, मी केलं असतं हो, पण वॉरंटीत आहे..."

"तर ते खरंच असेल."

तो कागदाकडे बघत राहिला. खांदे हळूहळू खाली आले. लांबच्या प्रवासाहून आलेला माणूस पिशवी ओट्यावर ठेवतो, तसे.

"वाईट अट आहे," शेवटी तो म्हणाला. आवाजात कुठेतरी मिश्कीलपणा परतत होता. "कंपनीला माझी भीती वाटते म्हणून घातली असणार."

"नाहीतर काय," वहिनी आतून म्हणाली. "तुमचा फोटो लावला असेल त्यांनी भिंतीवर."

"घे तू वॉरंटी," दादा म्हणाला. "तुझं काम थांबून चालायचं नाही. बुवांचं कीर्तन अर्ध्यावर अडकलं तर पाप मला लागेल."

"तू म्हणतोस तर घेते."

मग त्यानं विचारलं, "जुना दिलास भंगारात?"

"अजून नाही."

"पुसलास?"

"पुसला."

"मग उलटा केला असशील."

"मी कशाला उलटा करू?"

"टकटके, तुला अनुस्वार सुटलेला दिसतो. ठिपका सुटलेला दिसला नाही, हे मी मानू?"

मी खाली बघितलं. दादानं टेबलाखालचा हात वर काढला आणि आम्हा दोघांच्या मध्ये, फॅनच्या पात्याशेजारी ठेवला. बोटं थरथरत होती, भरलेल्या भांड्यातलं पाणी कुणी चाललं की थरथरतं तशी. त्यानं ती थांबवायचा प्रयत्न केला नाही.

"बाटली उघडली होती मी," तो म्हणाला. "काडी बाहेर काढली होती. पण काम त्यांच्या पोरांनी केलेलं. मग..." आणि त्यानं नाकातून आवाज काढला, चाळीस वर्षांपूर्वीचा, बुवांचा: "दुसऱ्याच्या अभंगाखाली..."

"...आपलं नाव घालू नये," मी नाकातूनच पुरं केलं.

वहिनी पदरानं डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "झालं दोघांचं? त्या फाटकाला सांगते मी, तुझी सुटका झाली म्हणून."

"कुठलं फाटक?" दादानं विचारलं. मी चष्मा पुसायला घेतला.

मग त्यानं नवा लॅपटॉप चालू करायला सांगितला. टेबलावर आडवा कान टेकवून डोळे मिटले. पुष्कळ वेळ ऐकलं. "पंखा चांगला आहे," म्हणाला. "डावीकडे किंचित घासतोय, पण पहिल्या महिन्यात घासतोच. दोन महिन्यांनी पुन्हा ऐकव. तेव्हाही घासला तर केंद्रात दे. मी चिठ्ठी लिहून देईन काय बघायचं ते, नाहीतर ती पोरं नको ते उघडून बसतील." बोलता बोलता तो सरळ बसला होता. कान लावायला कुठल्याच कलमाची बंदी नव्हती.

मी खणातून लाल बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली.

"ही कशाला? मी काही केलेलं नाही."

"अटी तपासल्यास. चौथं पान. कलम एकोणीस."

"ते काम झालं का?"

"माझ्यासाठी झालं."

त्यानं वहिनीकडे पाहिलं. तिनं बाटली उघडून काडी त्याच्या हातात दिली. उजव्या हातात. दादानं डाव्या हातानं मनगट धरलं, श्वास रोखला, आणि कलम एकोणीसच्या समासात ठिपका दिला. ठिपका कुठला, त्याला दोन बोटं लांब शेपूट फुटलं.

"उंदीर झाला," दादा म्हणाला.

"तिसऱ्या पानावर आहेतच उंदीर," मी म्हणाले. "त्यांच्यात खपून जाईल."

तिथूनच दुकानाला फोन लावला. बाईंनी आवाजावरून ओळखलं. "एकोणतिसावा दिवस. मोजतेच आहे मी. पण तुमचे भाऊ दुरुस्ती करतात ना? मग आता?"

दादा फॅनला पातं बसवत होता, वहिनी पाना धरून उभी होती. दोघांचे कान माझ्याकडे.

"करतात की," मी म्हणाले. "त्यांनीच घ्यायला सांगितली."

म्हणताना मान नेहमीसारखीच ताठ झाली.